आभासी यंत्र आणि ग्राफिक्स कार्ड : मध्यस्थाच्या माघारीचा इतिहास

एका संगणकाच्या ठायी दुसऱ्या संगणकाचा आभास उत्पन्न करावयाचा आणि त्या आभासी यंत्रावर चित्रप्रचुर खेळ खेळावयाचा, हा उद्योग प्रथमदर्शनी हौशी लोकांचा चाळा वाटण्याचा संभव आहे. तथापि संगणकविद्येच्या इतिहासकाराने त्याकडे दुर्लक्ष करणे इष्ट नाही. कचेरीतील हिशेबाचा कार्यक्रम अर्धा सेकंद रेंगाळला तर ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. खेळाचे तसे नाही. सेकंदाला ६० चित्रे पडद्यावर उमटावयाची असतील तर प्रत्येक चित्रास सुमारे १६.७ मिलिसेकंदांचाच अवधी मिळतो, आणि एखादे चित्र विलंबाने आले तरी ते खेळणाऱ्याच्या डोळ्यास खुपते. आभासी यंत्राची इतकी कठोर आणि अखंड परीक्षा दुसऱ्या कोणत्याही उपयोगात झालेली नाही.

या परीक्षेत आभासी यंत्र दीर्घकाळ अनुत्तीर्ण होत राहिले, आणि त्यामुळे मंदपणा हा त्याचा स्वभावच आहे अशी समजूत रूढ झाली. ही समजूत इतिहासाच्या कसोटीवर पुरती टिकत नाही. मध्यस्थ कार्यक्रमाच्या श्रमातून येणारा विलंब खरा होता यात शंका नाही. परंतु त्याच्याबरोबर व्यापारी धोरणातून आलेला अडसर आणि निव्वळ अनवधानातून राहिलेला दोष हेही त्याच मंदपणाच्या खात्यावर मांडले गेले. हे तिन्ही निरनिराळे ओळखून काढण्यास सुमारे दहा वर्षे लागली, आणि त्या कामात खेळणाऱ्यांच्या तक्रारींचा वाटा लहान नाही.

आभासी यंत्राची कल्पना खेळांपेक्षा पुष्कळच जुनी आहे. आय.बी.एम. कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील शास्त्रीय केंद्रात रॉबर्ट क्रीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिस्टीम/३६० मालिकेतील एका फेरफार केलेल्या मॉडेल ४० यंत्रावर सी.पी.-४० ही नियंत्रक प्रणाली रचली. १९६७ च्या आरंभी ती वापरात आली. तिच्यामागून सी.पी.-६७ आली, आणि १९७२ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने व्ही.एम./३७० ही प्रणाली जाहीर केली. या प्रणालींत प्रत्येक वापरकर्त्यास संपूर्ण संगणक स्वतःचाच असल्याचा प्रत्यय येई. वस्तुतः नियंत्रक कार्यक्रम सर्वांच्या वतीने यंत्राशी व्यवहार करीत असे. गणिताच्या साध्या आज्ञा प्रोसेसर परस्पर पार पाडी. परंतु फीत, चकती, मुद्रक अशा उपकरणांकडे जाणारी प्रत्येक आज्ञा नियंत्रकाच्या हातून जाई, कारण वापरकर्त्यास ठाऊक असलेले स्मृतीतील पत्ते हे खरे पत्ते नसत. ते भाषांतरित करून देणे हे नियंत्रकाचे मोठेच काम होऊन बसले होते.

व्ही.एम./३७० मध्ये या श्रमावर एक उपाय योजलेला आढळतो, आणि पुढील सर्व कथेचे बीज त्यात आहे. एका आभासी यंत्रास ‘आभासी म्हणजेच वास्तव’ असा विशेष दर्जा देता येत असे. त्याचे पत्ते आणि खरे पत्ते एकच ठेवले जात. सबब भाषांतराची गरजच उरत नसे आणि उपकरणांचे व्यवहार वेगाने होत. मात्र ही सवलत एका वेळी एकाच यंत्रास मिळे, आणि त्याने व्यापलेली स्मृती इतरांस उपलब्ध होत नसे. वेग हवा असेल तर मध्यस्थाने दूर व्हावे, आणि तो दूर झाला की वाटून घेण्याची सोय जावी, हा सौदा तेव्हाच ठरला होता.

१९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी आभासी यंत्राची शास्त्रीय व्याख्या मांडली. आभासी यंत्रात कार्यक्रम खऱ्या यंत्राप्रमाणेच वागला पाहिजे, साधनांवर नियंत्रकाचा पूर्ण ताबा राहिला पाहिजे, आणि बहुसंख्य आज्ञा नियंत्रकाच्या हस्तक्षेपावाचून पार पडल्या पाहिजेत, ही त्या व्याख्येची तीन अंगे होत. या विवेचनाचा सारा रोख प्रोसेसरच्या आज्ञांवर होता. बाह्य उपकरणांचा प्रश्न त्यात बाजूस ठेवलेला होता. त्या काळी हे गैर नव्हते. पडद्यावर लक्षावधी बिंदू क्षणोक्षणी रंगविणारे, स्वतःची स्मृती आणि स्वतःचे शेकडो गणनघटक बाळगणारे उपकरण ही त्या पिढीच्या अनुभवातील गोष्टच नव्हती.

पुढे वैयक्तिक संगणकांचे युग आले, आणि इंटेलच्या प्रोसेसरची जी घडण सर्वत्र पसरली ती या व्याख्येत बसणारी नव्हती. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात जॉन रॉबिन आणि सिंथिया अर्व्हाइन यांनी पेंटियम प्रोसेसरच्या १७ आज्ञा अशा दाखविल्या, की ज्या नियंत्रकास चुकवून निसटतात. या अडचणीतून वाट काढण्याचे श्रेय स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधनातून १९९८ साली उभ्या राहिलेल्या व्हीएमवेअर कंपनीकडे जाते. अशा आज्ञा चालतेवेळीच शोधून बदलून टाकण्याची तिची युक्ती १९९९ साली वर्कस्टेशन या उत्पादनाच्या रूपाने बाजारात आली. २००५ च्या अखेरीस इंटेलने आणि २००६ मध्ये ए.एम.डी.ने प्रोसेसरमध्येच आभासी यंत्रासाठी सोय केली. तिचा लाभ घेऊन आवी किव्हिटी यांनी रचलेला के.व्ही.एम. हा नियंत्रक २००७ च्या फेब्रुवारीत लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला.

प्रोसेसरचा प्रश्न असा सुटत गेला; चित्राचा मात्र तसाच राहिला. के.व्ही.एम.बरोबर वापरला जाणारा क्यूईएमयू हा फाब्रिस बेलार यांचा कार्यक्रम अतिथी कार्यप्रणालीस जे ग्राफिक्स कार्ड दाखवी ते सिरस लॉजिक कंपनीच्या १९९० च्या दशकातील कार्डाची नक्कल होते. यजमान संगणकात अद्ययावत जीफोर्स कार्ड असले तरी अतिथीच्या दृष्टीस ते पडतच नसे. घरात पंचपक्वान्ने रांधलेली असावीत आणि पाहुण्याच्या पानात शिळी भाकरी पडावी, तसा हा प्रकार होता. मजकूर वाचण्यास ते जुने कार्ड पुरेसे होते. त्रिमिती खेळास त्याचा काहीच उपयोग नव्हता, कारण त्याला त्रिमितीचे ज्ञानच नव्हते.

यावर पहिला मार्ग निघाला तो भाषांतराचा. अतिथी प्रणालीतील खेळ चित्र काढण्याच्या ज्या आज्ञा देतो त्या अडवून यजमानाच्या भाषेत न्याव्यात, आणि खऱ्या कार्डाकडून चित्र काढून घेऊन परत द्यावे, अशी ही योजना होती. ॲपलने २००६ पासून इंटेलचे प्रोसेसर स्वीकारल्यावर मॅकवर विंडोजचे खेळ चालविण्यास मोठे गिऱ्हाईक निर्माण झाले. २००७ साली पॅरलल्स डेस्कटॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत त्रिमिती चित्रांची सोय झाली ती याच मार्गाने. लिनक्सच्या बाजूस डेव्ह एअरली यांच्या पुढाकाराने झालेले व्हर्जिल हे काम याच जातीचे होय. त्याचा आधार असलेला व्हर्टिओ-जीपीयू हा ड्रायव्हर २०१५ साली गाभ्यात आला. परंतु भाषांतराचा मूळ दोष कोणालाच टाळता आला नाही. चित्रभाषा दरवर्षी वाढत होत्या आणि भाषांतरकार नेहमी मागे राहात होता. नव्या खेळास जी आज्ञा हवी ती नेमकी कोशात नसावयाची.

२००८ च्या डिसेंबरात व्हीएमवेअरच्या माइका डाउटी आणि जेरेमी शुगरमन यांनी या विषयावर सादर केलेला निबंध आजही मूलगामी मानावा लागतो. ग्राफिक्स कार्ड आभासी करण्याच्या पद्धतींची तुलना त्यांनी चार कसोट्यांवर केली: वेग, मूळ कार्डाशी निष्ठा, अनेकांत वाटून घेण्याची क्षमता, आणि मध्येच अडवून यंत्राची स्थिती जपून ठेवण्याची वा अन्यत्र हलविण्याची सोय. चारही कसोट्यांवर एकच पद्धत उतरत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. पहिल्या दोन कसोट्या खेळणाऱ्यास प्रिय. शेवटच्या दोन दत्तकेंद्राच्या चालकास प्रिय. येथून या दोघांचे मार्ग वेगळे झाले.

खेळणाऱ्यांचा मार्ग म्हणजे खरे कार्ड अतिथीच्या थेट स्वाधीन करणे. त्यातील मुख्य अडचण पुन्हा पत्त्यांचीच होती. ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरला न विचारता संगणकाच्या स्मृतीत वाचते आणि लिहिते. अतिथीने त्यास सांगितलेला पत्ता अतिथीच्या समजुतीप्रमाणे बरोबर असला तरी खऱ्या स्मृतीत त्या ठिकाणी यजमानाचा किंवा तिसऱ्याच कोणाचा मजकूर असतो. म्हणून उपकरण आणि स्मृती यांच्यामध्ये पत्ते बदलून देणारा आणि मर्यादेबाहेरचा संचार रोखणारा घटक हवा होता. आय.ओ.एम.एम.यू. या नावाचा तो घटक २००८ च्या आसपास सामान्य संगणकांत दिसू लागला. सत्तरीच्या दशकातील नियंत्रक जे भाषांतर कार्यक्रमाच्या द्वारे कष्टाने करी, ते आता तारांच्या जाळ्यात होऊ लागले. २०१० च्या झेन ४.० मध्ये ग्राफिक्स कार्ड असे सोपविण्याची सोय आली. २०१२ च्या सप्टेंबरअखेर प्रसिद्ध झालेल्या लिनक्स ३.६ मध्ये रेड हॅटच्या ॲलेक्स विल्यमसन यांची व्ही.एफ.आय.ओ. ही रचना समाविष्ट झाली, आणि हा मार्ग घरगुती वापराच्या टप्प्यात आला. प्रोसेसरमध्ये अंतर्भूत असलेले साधे चित्रयंत्र यजमानाने वापरावे, आणि स्वतंत्र घेतलेले शक्तिमान कार्ड विंडोजच्या आभासी यंत्रास द्यावे, ही मांडणी लवकरच रूढ झाली.

किंमत अर्थातच जुनीच होती. कार्ड एकाचेच झाले. अतिथीस दिलेली सारी स्मृती जागच्या जागी बांधून ठेवावी लागली, कारण कार्ड तिला केव्हा हात घालील याचा नियंत्रकास पत्ता नसतो. चालते यंत्र एका संगणकावरून दुसऱ्यावर हलविण्याची सोय गेली. शिवाय पुष्कळ घरगुती मदरबोर्डांवर अनेक उपकरणे अलगपणाच्या दृष्टीने एकाच गटात पडत. त्यांपैकी एकच सोपविणे सुरक्षित नसल्याने व्ही.एफ.आय.ओ. त्यास नकार देई. हा गट कृत्रिम रीतीने फोडणारी दुरुस्ती विल्यमसन यांनीच २०१३ मध्ये मांडली होती. ती लिनक्सच्या मुख्य प्रवाहात स्वीकारली गेली नाही. खेळणारे मात्र ती आपल्या जबाबदारीवर वर्षानुवर्षे लावीत राहिले. पोपेक आणि गोल्डबर्ग यांच्या व्याख्येतील दुसरे अंग, म्हणजे नियंत्रकाचा साधनांवरील ताबा, वेगाच्या लोभाने स्वखुशीने सैल केल्याचे इतके उघड उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

याच सुमारास दुसऱ्या प्रकारचा अडथळा पुढे आला. एनव्हिडियाच्या जीफोर्स कार्डांचा विंडोजवरील ड्रायव्हर आपण आभासी यंत्रात आहोत असे ओळखून काम करण्यास नकार देऊ लागला, आणि ‘कोड ४३’ हा दोषांक वापरकर्त्यांच्या परिचयाचा झाला. त्याच कंपनीची व्यावसायिक वर्गातील महाग कार्डे मात्र आभासी यंत्रात चालत. खेळणाऱ्यांनी यावर आभासी यंत्राची ओळखच लपविण्याचा उपाय काढला. परंतु ती लपविण्यासाठी आरंभी विंडोजला आभासी यंत्रात सुलभपणे चालण्यास मदत करणाऱ्या काही सवलतीही बंद कराव्या लागत, आणि त्याने वेग घटे. म्हणजे ज्या मंदपणाचा दोष आभासी यंत्रास दिला जात होता त्याचा हा अंश बाजारपेठेच्या विभागणीतून उत्पन्न झालेला होता. २०२१ च्या मार्चमध्ये कंपनीने ४६५ मालिकेच्या ड्रायव्हरपासून ही अट काढून टाकली. त्यासाठी कार्डात काडीचाही बदल करावा लागला नाही, ही गोष्ट बोलकी आहे.

सर्वांत उद्बोधक प्रकरण मात्र ए.एम.डी.च्या प्रोसेसरांचे. आभासी यंत्रात स्मृतीचा पत्ता दोनदा शोधावा लागतो: अतिथीच्या कोष्टकात एकदा आणि यजमानाच्या कोष्टकात पुन्हा. पूर्वी नियंत्रक या दोहोंची एक छायाप्रत कार्यक्रमाच्या द्वारे राखीत असे, आणि ते काम जड होते. ए.एम.डी.ने २००७ साली प्रोसेसरकडूनच ही दोन्ही कोष्टके चाळून घेण्याची सोय दिली, आणि २००८ मध्ये के.व्ही.एम.ने ती अंगीकारली. ही सोय वापरली की प्रोसेसरचे काम झपाट्याने होई. पण थेट सोपविलेले ग्राफिक्स कार्ड मंदावे. ती बंद केली की कार्ड पूर्ण वेगाने चाले आणि प्रोसेसर रखडे. इंटेलच्या यंत्रांवर असे काही घडत नव्हते. वर्षानुवर्षे ही तक्रार येत राहिली. परंतु ए.एम.डी.वर हा प्रयोग करणारे थोडे होते, आणि आभासी यंत्र म्हटले की काही उणे असावयाचेच, या गृहीतामुळे तक्रारीची मुळापर्यंत चौकशी झाली नाही.

२०१७ च्या मार्चमध्ये रायझन प्रोसेसर बाजारात आला. आठ गाभ्यांचा प्रोसेसर माफक किमतीत मिळू लागल्याने, निम्मे गाभे यजमानास आणि निम्मे अतिथीस, अशी वाटणी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. तक्रार करणाऱ्यांची संख्या वाढली आणि त्यांच्या नोंदींत एकवाक्यता दिसू लागली. जेफ्री मॅकरे यांच्या लक्षात आलेले कारण असे होते. प्रोसेसर स्मृतीच्या प्रत्येक पृष्ठाशी कोणत्या रीतीने व्यवहार करील हे आठ नोंदींच्या एका लहान कोष्टकावरून ठरते. ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीत लिहिताना लहान लहान लेखने साठवून एकदम पाठविण्याची रीत सर्वांत फायद्याची असते. अतिथी विंडोज तशी नोंद आपल्या कोष्टकात करीतही असे. पण के.व्ही.एम. ती नोंद टाकून देऊन त्या जागी प्रोसेसरचे मूळचे ठराविक कोष्टक ठेवी, आणि त्यात साठवून पाठविण्याची रीतच नव्हती. परिणामी टपालाची थैली भरून एका खेपेत धाडण्याऐवजी एकेका पत्रासाठी स्वतंत्र हरकारा दौडवावा, तसे होई. अतिथीची समजूत मात्र थैली गेली अशीच असे.

ऑक्टोबर २०१७ मध्ये पाओलो बोन्झिनी यांनी याची दुरुस्ती मांडली. अतिथीने केलेली नोंद जशीच्या तशी प्रोसेसरपर्यंत पोहोचवावी, एवढाच तिचा आशय होता, आणि ती मोजक्या ओळींची होती. सोबतच्या टिपणात तक्रार अनेक वर्षांची असल्याचे नमूद केले आहे आणि हौशी वापरकर्त्यांनी केलेल्या चाचण्यांचाही उल्लेख आहे. जवळजवळ दहा वर्षे जो मंदपणा आभासी यंत्राचा धर्म म्हणून सोसला गेला, तो एका विसरलेल्या नोंदीचा परिणाम ठरला. येथे प्रस्थापित प्रयोगशाळांना थोडा दोष लागतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांच्या चाचण्या दत्तकेंद्रांच्या कामांवर बेतलेल्या होत्या; चित्राच्या गतीचे मोजमाप त्यांत नव्हते.

या दुरुस्तीनंतर उरलेला विलंब कमी करण्याचे उपाय पुष्कळसे गृहकृत्याच्या स्वरूपाचे आहेत. ४ किलोबाइटांऐवजी २ मेगाबाइट वा १ गिगाबाइट मापाची पृष्ठे वापरली की पत्ता शोधण्याचा खटाटोप घटतो. लहान पृष्ठांत एका शोधास वाईटात वाईट वेळी २४ वाचने लागू शकतात. अतिथीच्या प्रत्येक आभासी गाभ्यास एकेक खरा गाभा नेमून दिला आणि यजमानाची कामे तेथून हटविली, की चित्रे अडखळत नाहीत. चित्र कार्डाच्या तोंडाशी निघते आणि यजमानाच्या पडद्यावर दिसत नाही, ही गैरसोय मॅकरे यांच्याच लुकिंग ग्लास या कार्यक्रमाने २०१७ च्या अखेरीस दूर केली. तयार चित्र सामायिक स्मृतीतून यजमानाकडे उचलून नेण्याची त्याची रीत आहे.

दत्तकेंद्रांच्या मार्गाचा येथे ओझरता उल्लेख पुरे. एकच कार्ड अनेकांत वाटण्याची व्यवस्था एनव्हिडियाने २०१२ पासून ग्रिड कार्डांच्या द्वारे आणली. इंटेलच्या केविन तियान प्रभृतींनी २०१४ मध्ये वेगाचे मार्ग थेट आणि धोक्याचे मार्ग नियंत्रकामार्फत, अशी तडजोड मांडली. तिला अनुरूप सर्वसाधारण रचना एनव्हिडियाच्या नियो जिया आणि कीर्ती वानखेडे यांनी लिहिली, आणि ती २०१७ च्या फेब्रुवारीत लिनक्स ४.१० मध्ये दाखल झाली. वाटणी कार्डानेच करावी, हा मार्ग ए.एम.डी.ने २०१६ च्या सुमारास बाजारात आणलेल्या कार्डांत पत्करला. घरगुती खेळणाऱ्यास यांतील थोडेच लाभले, कारण या सोयी बहुतांशी महाग कार्डांपुरत्या ठेवण्यात आल्या.

दरम्यान मूळ गरजेचेच स्वरूप पालटले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये व्हाल्व्ह कंपनीने प्रोटॉन हा कार्यक्रम प्रसिद्ध केला. विंडोजच्या खेळाची चित्रभाषा व्हल्कनमध्ये भाषांतरित करून तो लिनक्सवर आभासी यंत्रावाचून चालविता येऊ लागला. भाषांतराचा जो मार्ग आभासी यंत्रात अपुरा ठरला होता तोच यंत्र वगळल्यावर पुष्कळ अंशी यशस्वी झाला. मधल्या काळात सर्वत्र उपलब्ध झालेली व्हल्कन ही भाषा कार्डाच्या अधिक निकट असल्याने भाषांतरकाराचे हात मोकळे झाले होते, हे त्याचे मुख्य कारण दिसते. जे खेळ याही मार्गाने चालत नाहीत त्यांत फसवणूकविरोधी पहारा असलेल्या सामुदायिक खेळांचा मोठा भरणा आहे. असे पहारे विंडोजच्या गाभ्यात बसतात, आणि त्यांपैकी काही आभासी यंत्र आढळताच खेळ नाकारतात. त्यांना चकविण्यासाठी आभासी यंत्राने खऱ्याहून यत्किंचितही भिन्न दिसू नये असा खटाटोप खेळणारे करतात, आणि प्रोसेसरच्या एखाद्या आज्ञेस लागलेल्या सूक्ष्म विलंबावरून पहारेकरी त्यांना पुन्हा ओळखतात.